सातवी चिंधी

माणूस इतका आडदांड होता की दुकानात शिरताना त्याला एक खांदा पुढे काढून यावं लागलं, आणि आल्यावर वर टांगलेल्या टोपऱ्यांची अख्खी रांग त्याच्या डोक्याला लागून डुलायला लागली. इन्शिराहला असली गिऱ्हाइकं नवी नव्हती. नुकते बाप झालेले पुरुष मन्शिया बाजारातल्या या बोळात येतात ते बिचकत बिचकत. कशालाही हात लावत नाहीत, बायकोनं पढवलेलं घडाघडा म्हणून दाखवतात आणि दुपट्याला टोपरं म्हणतात. यानं मात्र काहीच म्हणून दाखवलं नाही. शर्टाच्या आत हात घालून त्यानं एक पुडी काढली, कापड बेतायच्या फळीवर ठेवली आणि तिच्यावरचा कागद एकेक घडी उलगडत बाजूला केला. आत एक झबलं होतं. सात तुकड्यांचं. उजव्या कुशीची शिवण उसवलेली. छातीवर डाव्या बाजूला, बंदाच्या खाली, पिवळ्या फलालिनीचा चौकोनी तुकडा होता. तो इन्शिराहला दिसला. ती स्टुलावर बसली. बसताना तिनं फळीची कड धरली, एवढंच. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी दमली.

तो सांगत होता की आज पहाटे त्याला मुलगी झाली. त्याआधीची दोन राहिली नाहीत. आता या मुलीच्या अंगात हे घालायचंय, आणि सूर्य मावळायच्या आत घालायचंय, तेवढी ही शिवण घालून द्या. त्याची आई सकाळपासून त्याच्या मागे लागली होती. "आई म्हणाली, इन्शिराह खाला जिवंत असेल तर तिच्या हातात दे, मेली असेल तर तसंच परत आण, वाटेत दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस." मग आपण भलतंच बोललो असं वाटून तो ओशाळला आणि म्हणाला, "आई बोलते तशी. मनावर घेऊ नका." इन्शिराहनं मनावर घेतलं नव्हतं. तिला फक्त एक गोष्ट विचारायची होती. हे झबलं कुणाचं?

"माझंच की," तो म्हणाला. "मी शह्हात. हिकमतचा मुलगा."

शह्हात म्हणजे भिकारी. भीक मागून आणलेलं पोर, असल्या पोराकडे मृत्यू ढुंकून बघत नाही, म्हणून ठेवलेलं नाव. इन्शिराहनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मनगटं पाहिली. त्या मनगटांसाठी तिनं एकदा दोन बोटं रुंदीच्या बाह्या बेतल्या होत्या. कान पाहिले, त्यांच्यात केस उगवले होते. दाढी दोन दिवसांची. गळ्यावर घामाची रेघ, नखांत काळं ग्रीस, पुढचा एक दात किंचित तुटलेला. म्हणजे हा कधीतरी पडला होता, रडला होता, परत उठून खेळायला गेला होता. एकतीस वर्षं हा माणूस जेवत होता. रोज सकाळी उठत होता. बंदरावर क्रेन चालवतो असं तो सांगत होता. "काल सत्तावीस पेटारे उचलून जहाजात ठेवले, खाला, पण आज पोरीला उचलायची म्हटलं तर धीर होईना." इन्शिराहला ते ऐकू येत होतं, पण लांबून. एवढा मोठा माणूस एवढ्याशा झबल्यातून निघाला, ही गोष्ट तिच्या डोक्यात मावत नव्हती. हजारो झबली शिवली होती तिनं. मुलं वाढतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण हा वाढलाय, हाच, हे तिला आज कळत होतं, आणि तिला एकदम भीती वाटावी तसं झालं. भीती नव्हती ती. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा असं झालं होतं.

तिनं त्याला बाहेर स्टूल दिलं आणि चहा सांगितला. तासभर लागेल म्हणाली. कुशीची शिवण म्हणजे दहा मिनिटांचं काम, पण पुरुषांना त्यातलं काय कळतंय.

एकतीस वर्षांपूर्वी हिकमत कोम अल-दिक्काच्या चढावरच्या गल्लीत राहायची, आणि इन्शिराह तिच्याखालच्या गल्लीत. हिकमतची चार मुलं गेली होती. पाचव्याच्या वेळी, नववा महिना लागल्यावर, ती अनवाणी निघाली आणि सात घरांतून सात चिंध्या मागून आणल्या. त्याचे नियम गल्लीतल्या पोरीसोरींनाही पाठ असतात. कापड विकतचं नको. नव्हे, विकत घेतलेलं कापड असेल तर मागितलंच नाही असं समजायचं. घरात जगत्यावाढत्या मुलाच्या अंगावर फाटलेलं, घरच्यांनी हातानं काढून दिलेलं कापडच हवं. गेलेल्या मुलाचं तर नावच नको. ज्या घरातून मूल गेलं त्या घराचा उंबरा त्या दिवसांत टाळून जायचं. आणि बाळ रडल्याचं कानावर येईपर्यंत कात्री लावायची नाही. मग मात्र घाई. जन्मल्या दिवसाचा सूर्य मावळायच्या आत ते अंगात गेलं पाहिजे. सातही चिंध्या रुमालात बांधून हिकमतनं इन्शिराहकडे आणून ठेवल्या. इन्शिराह तेव्हा सव्वीस वर्षांची होती, आणि तिचा स्वतःचा मुलगा जाऊन पाच महिने झाले होते. हिकमतला ते ठाऊक होतं, सगळ्या चढाला ठाऊक होतं. म्हणून तर हिकमत तिच्या दुकानावर आली, घरी आली नाही. दुकान वेगळं, घर वेगळं. शिवणारणीच्या हाताला दोष नसतो, असं सगळ्यांनी मिळून सोयीचं ठरवून टाकलं होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला हिकमतची भाची धावत आली. मुलगा झाला, रडला. इन्शिराहनं रुमाल सोडला, सगळ्या चिंध्या धुवून दोरीवर टाकल्या आणि स्टोव्हवर इस्त्री ठेवली. त्या दिवशी तिचे हात छान चालत होते, ते तिला अजून आठवतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. सहा तुकडे इस्त्री झाले. सातवा, बेकरीवाल्याच्या घरचा, पिवळा, फळीवर पसरला. तेवढ्यात दारात कुणाचं तरी तान्हं रडलं, आणि तिनं मान वळवली. फक्त मान वळवली. किती वेळ, कुणास ठाऊक. करपल्याचा वास आला तेव्हा इस्त्रीखाली इस्त्रीच्याच आकाराचं तपकिरी भोक पडलं होतं आणि हातात घेतल्यावर कडाही चुरगळून पडल्या. भाची दारात उभी होती. आता पुन्हा कोण अनवाणी जाणार? बाळंतीण? आणि दुकानात कापडाची काय कमी. ताग्यावर तागे होते. सगळे विकतचे. सबंध दुकानात विकत न घेतलेलं कापड एकच होतं, ते खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं. इन्शिराहच्या आईच्या जुन्या गाउनातून शिवलेलं, पिवळ्या फलालिनीचं, अकरा दिवस वापरलेलं.

तिनं ते कापलं. छातीवरचा भाग कापला, कारण तिथं ते सगळ्यांत कमी विटलं होतं. सव्वाचारला झबलं तयार झालं आणि भाचीनं ते ओढणीखाली लपवून नेलं. दुसऱ्या दिवशी इन्शिराहला आपण काय केलं ते उमगलं. मुलाचं उरलेलं झबलं तिनं नेऊन धक्क्यावरून पाण्यात सोडलं.

त्यानंतर हिकमतचं मूल जगलं का, हे तिनं कधी विचारलं नाही. आणि कुणी सांगितलंही नाही, कारण सांगायची रीतच नाही. ज्या बाईची मुलं जातात, तिचं एखादं जगलं तर घरचे तोंडाला कुलूप लावून बसतात, दृष्ट लागू नये म्हणून. गेलं तरी कुणी बोलत नाही, तोंडातून वाईट निघू नये म्हणून. दोन्ही गप्प बसणी बाहेरून सारखीच दिसतात. चाळीस दिवस झाले आणि हिकमतचा नवरा बिऱ्हाड घेऊन सुएझला गेला. इन्शिराहनं त्या बंद दाराकडे पाहून जे समजायचं ते समजून घेतलं. पुढे तिचा स्वतःचा नवरा, सलामा, तोही सौदीला कामाला गेला आणि तिथलाच झाला. तिनं दुकान बोळात आणलं. मागून आणलेल्या चिंध्या तिनं नंतर कधीच घेतल्या नाहीत. बायका येत, रुमाल पुढे करत, आणि ती म्हणे, डोळे गेले माझे, बारीक जोडकाम जमत नाही. आणि त्यांच्या देखत सुईत दोरा ओवी. विकतच्या कापडाची झबली, टोपरी, सातव्या दिवशी बाळाला ज्या चाळणीत ठेवतात तिच्यात घालायच्या गाद्या, हेच शिवलं तिनं. शहरातली अर्धी पोरं तिच्या कापडात गुंडाळली गेली असतील. तिनं एकाही पोराला हातात घेतलं नाही. सातव्याचं आमंत्रण आलं की तिला त्या दिवशी हटकून ताप येई.

आणि एक प्रश्न तिनं एकतीस वर्षं स्वतःपासूनही लांब ठेवला होता, तो आता तिच्या मांडीवर येऊन पडला. तिचा हात त्या खणाकडे का गेला होता? विकतचं नाही म्हणून, रंग जुळतो म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली होती आणि ते खोटं नव्हतं. पण त्या क्षणी आणखीही काही होतं. हिच्या पोटाला पाच वेळा आलं, माझ्या एकदाच, असं काहीतरी. किंवा ते उलट होतं, आणि निदान एवढा तुकडा तरी कुणाच्या तरी धडधडत्या छातीवर राहू दे, असं तिला वाटलं होतं. हेवा होता की माया, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आत्ताही, सुई हातात घेऊन बसली तरी, कळत नव्हतं. तिनं झबलं उचलून उजेडात धरलं. टाके तिचेच होते, पण आताच्यापेक्षा बारीक. सव्वीस वर्षांच्या बाईचे डोळे. इतकी वर्षं ती धरून चालली होती की या टाक्यांनी एक मूल मारलं. आणि ते बाहेर स्टुलावर बसून चहा फुंकून पीत होतं.

कुशीची शिवण घालून झाली. मग तिनं पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. जगात एवढंच उरलं होतं. फोटो नव्हता, कबरीवरचा दगड केव्हाच कुणी उचलून नेला होता. कापड मऊ झालं होतं, कुणीतरी ते वर्षानुवर्षं हातानं धुवून, सावलीत वाळवून, घडी करून ठेवलं होतं. इन्शिराहला ते एवढं जपता आलं नसतं. गप्प राहिलं तर काय बिघडणार होतं? हा माणूस हसत घरी जाईल. पण मग एक मुलगी, जिची दोन भावंडं गेलीत, आज संध्याकाळी एका गेलेल्या मुलाचं कापड अंगावर घेईल, आणि ते फक्त इन्शिराहला ठाऊक असेल. एकदा तिनं हे केलं होतं आणि नशिबानं हात दिला होता. नशीब दुसऱ्यांदा तपासून पाहायची तिची छाती नव्हती. आणि सांगितलं तर? तर हिकमत तो तुकडा टराटरा उसवून काढेल, रस्त्यावर फेकेल, तिला शिव्या घालेल, आणि पोरीला घालायला सूर्य मावळायच्या आत काहीच उरणार नाही. आताच्या इमारतींत कोण दार उघडतंय चिंध्या द्यायला? तिनं झबलं कागदात गुंडाळलं, दुकानाचं शटर ओढलं आणि शह्हातला म्हणाली, "चल. मी येते."

तो खूश झाला. वाटेत तो बोलतच होता, अबीरचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, बाळंतपण कसं झालं ते, सुएझहून ते परत आले त्याला आठ महिने झाले ते, आई नुसती हुकूम सोडते ते. इन्शिराह त्याच्या एक पाऊल मागे चालत होती आणि त्याच्या पाठीकडे पाहत होती. कोम अल-दिक्काच्या पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला, तिला दम लागला असेल म्हणून. दम लागला नव्हता. तिला या पाठीचं नवल वाटत होतं, शर्टाखाली हलणाऱ्या खांद्यांचं, नकळत चाललेल्या श्वासाचं. रस्त्यावरची माणसं त्याला चुकवून बाजूनं जात होती आणि त्यांतल्या कुणालाही काही विशेष वाटत नव्हतं. तिला वाटलं, यांना थांबवून सांगावं, बघा. मग तिच्या लक्षात आलं की त्यांतला प्रत्येक जणच कधीतरी हातभर होता, प्रत्येकाला कुणीतरी सातव्या दिवसापर्यंत श्वास मोजत आणलं होतं. आणि सगळा रस्ता त्या संध्याकाळच्या उन्हात तिला सहन होईना इतका भरलेला दिसायला लागला. तिनं डोळे खाली केले आणि पायऱ्या मोजत चढली.

दार हिकमतनं उघडलं. केस पांढरे, कंबर रुंद, आवाज तोच. आधी तिनं इन्शिराहला डोळे भरून पाहिलं, मग म्हणाली, "मेली नाहीस तर. ये आत, दारात काय उभी राहतेस परक्यासारखी." इन्शिराह उंबऱ्याबाहेरच राहिली. आत पलंगावर अबीर टेकून बसली होती, तिच्या कुशीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. इन्शिराहनं तिकडे पाहायचं टाळलं. तिनं कागद उघडून झबलं हिकमतच्या हातात दिलं आणि जे सांगायचं ते एका दमात सांगून टाकलं. इस्त्री, करपलेली चिंधी, खण. पिवळा तुकडा कुणाचा, ते. मला वाटलं होतं तुझंही पाचवं गेलं, मी मारलं, हेही सांगितलं. हेवा केला असेन, मला माहीत नाही, हेही. सांगताना तिचा आवाज चढला नाही की घसरला नाही. दर सांगावा तसं सांगितलं.

हिकमतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती हातातल्या झबल्याकडे पाहत राहिली, मग मुलाकडे, मग परत झबल्याकडे. शह्हात काहीतरी बोलायला गेला, तिनं हातानं त्याला गप्प केलं.

"किती दिवस होता तुझा?" हिकमतनं विचारलं.

"अकरा."

"अकरा." हिकमतनं शब्द तोंडात घोळवला. "म्हणजे सातवा झाला त्याचा?"

"झाला. चाळणीत ठेवला होता. रीतीप्रमाणे कानाशी खलबत्ता वाजवला तरी जागा झाला नाही."

हिकमत मटकन दारातल्या खुर्चीवर बसली. तिचे डोळे मोठे झाले होते. तिनं आपली चार बोटं वर केली आणि एकेक मिटत गेली. पहिला त्याच दिवशी. दुसरीही. तिसरा तीन दिवस. चौथी सहाव्या दिवशी संध्याकाळी. चाळण आणून ठेवली होती, मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या, ते सगळं शेजारणीला देऊन टाकलं. "सातच्या पलीकडचं मूल मी माझ्या घरात पाहिलंच नव्हतं," ती म्हणाली. "अकरा दिवस. इन्शिराह, मला तेव्हा कुणी सांगितलं असतं की खालच्या गल्लीत अकरा दिवसांचं कापड आहे, तर मी सगळ्यांत आधी तुझ्या दारात आले असते."

"पण नियम—"

"नियम कुणी केले? ज्यांची जगली त्यांनी. त्यांना काय माहीत काय मागायचं असतं." तिनं पिवळ्या तुकड्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. भाजेल की काय अशा बेतानं. मग तिच्या कपाळावर आठी आली. "एक चूक मात्र झाली. हे मी मागितलेलं नाही. तू मुकाट्यानं घातलंस. न मागता आलेलं पोरीच्या अंगावर कसं घालू?"

ती उठली. इन्शिराहचा दंड धरून तिनं तिला उंबऱ्याच्या आत ओढलं, झबलं तिच्या हातात कोंबलं, पायांतल्या सपाता काढून भिंतीशी लावल्या आणि अनवाणी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. दार तिनंच ओढून घेतलं. इन्शिराह आत उरली, घरातली बाई असल्यासारखी. मागे पलंगावर बाळ हललं, आवाज झाला, आणि तिनं वळून पाहिलं. शह्हात भिंतीला चिकटून उभा होता; अबीरनं मुलीचं दुपटं सोडून ठेवलं होतं, उघडे दंड हवेत हलत होते, अंगठ्याएवढे. खिडकीत अजून ऊन होतं. इन्शिराहनं झबलं छातीशी धरलं. इतक्या वर्षांत तिच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं. विकत घ्यायला सगळे येत होते.

दारावर तीन थापा पडल्या.

"देणाऱ्या बाई," बाहेरून हिकमतचा आवाज आला, आणि तो आता हुकूम सोडणाऱ्या बाईचा नव्हता, "माझ्या पोरीसाठी एक चिंधी द्या. कुणाच्या अंगावरची देता?"

इन्शिराहनं कडीवर हात ठेवला.

"माझ्या युसरीच्या," ती म्हणाली, आणि दार उघडलं.